दानीएलाची तीन वर्षे आणि आपल्या मुली

शास्त्रपाठ : दानीएल 1:3-20, रोमकरांस पत्र 5:3-5

बाबेलच्या राजाने यहूदी तरुणांना खास्द्यांची विद्या व भाषा शिकविण्यास तीन वर्षांची मुदत ठरविली. आपल्या मंडळ्यांतील ज्या मुली परिचारिका होण्यास जातात, त्यांचा जी.एन.एम. अभ्यासक्रमही तीन वर्षांचा, आणि भाषा परकीच. बेळगाव-खानापूरकडे मराठी शाळेत शिकलेली मुलगी एकदम इंग्रजीतून शरीररचना आणि सूक्ष्मजंतुशास्त्र वाचू लागते. वर वॉर्डातील काम. ती पहिल्या वर्षी नापास झाली की आपल्यातले कोणीतरी म्हणते, ‘प्रभूची इच्छा नव्हती.’ असे म्हणण्याची आपण फार घाई करतो.

सतराव्या वचनात देवाने त्या चौघांना ज्ञान दिले असे आहे. पण त्यांची तीन वर्षे त्याने कमी केली नाहीत. दान मिळाले ते शिकता शिकता. शिवाय ते चौघे होते. संडे स्कूलमध्ये सिंहांच्या गुहेकडे जाण्याच्या गडबडीत ही गोष्ट आपल्याकडून नेहमी सुटते.

अमेरिकन प्राध्यापक फ्रेड लुथान्स व त्यांचे सहकारी यांनी 2007 साली मनाच्या भांडवलावर एक पुस्तक लिहिले. त्यात चार गोष्टी सांगितल्या आहेत : आशा, स्वतःच्या कुवतीवर विश्वास, पडून पुन्हा उठण्याचा चिवटपणा आणि आशावाद. आशा म्हणजे नुसती इच्छा नव्हे; निश्चय हवा आणि वाटही ठाऊक हवी. आपण मुलीला प्रार्थना करून निरोप देतो तेव्हा निश्चय तिच्यापाशी असतो. वाट कोण दाखवितो?

पौलाचा क्रम पाहा. तो संकटापासून निघतो, धीर व शील यांच्यामधून जातो, आणि आशा त्याच्या यादीत शेवटी येते. पहिल्या चाचणीत हरलेल्या मुलीला ‘आशा धर’ एवढेच सांगणे म्हणून अपुरे आहे. तिला आज पार पडेल असे काम द्यावे.

ते काम कोणते? बहुतेक मुली रात्री तोच धडा पुनःपुन्हा वाचतात. वाचताना सारे ओळखीचे वाटते, आणि फसगत तेथेच होते. 2006 साली रोडिगर व कार्पिक यांनी सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात प्रयोग केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा दोनदा वाचला. इतरांनी एकदा वाचून, पुस्तक मिटून, आठवेल ते लिहिले. पाच मिनिटांनी पाहिले तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर त्यांना सुमारे 42 टक्के आठवले, लिहिणाऱ्यांना 56 टक्के.

संडे स्कूलच्या शिक्षकांस हे नवे नाही. सुवर्णवचन आपण बायबल मिटूनच म्हणवून घेतो आणि पुढच्या रविवारी पुन्हा विचारतो. हृदयाच्या कप्प्यांची नावे, औषधाच्या मात्रेचे गणित, यांनाही तीच रीत लागू पडते.

आपल्या कित्येक मंडळ्यांत एखाद्या निवृत्त सिस्टरबाई असतात. मुलगी सुट्टीत घरी आली की उपासनेनंतर अर्धा तास तिला त्यांच्याजवळ बसवावे. दोघी-तिघी असल्या तर अधिक बरे. पुस्तक मात्र सिस्टरबाईंच्या हातात असावे, मुलींच्या नव्हे.