जिवाणू वेगळे, विषाणू वेगळे, औषधही वेगळे

पावसाळा लागला की वस्तीत घरोघरी ताप, सर्दी, जुलाब सुरू होतात. मग आपण मेडिकलवर जातो, "एखादी स्ट्राँग गोळी द्या" म्हणतो आणि अँटिबायोटिकच्या दोन-चार गोळ्या घेऊन येतो. पण ती गोळी प्रत्येक तापावर चालते का? हे कळण्यासाठी जिवाणू आणि विषाणू यांतला फरक आधी समजून घेऊ.

जिवाणू

जिवाणू म्हणजे बॅक्टेरिया. हा एकाच पेशीचा जीव. तो स्वतः अन्न घेतो, वाढतो आणि एकाचे दोन होतो. पोषक वातावरण मिळाले तर काही जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात. बहुतेक जिवाणू आपल्याला त्रास देत नाहीत. दुधाचे दही तेच करतात. मोजकेच रोग करतात: क्षय, टायफॉइड, पटकी, घटसर्प, धनुर्वात. काही जिवाणू विष सोडतात. पटकीच्या जिवाणूच्या विषाने आतड्यातून पाणी वाहू लागते आणि काही तासांत माणसाच्या जिवावर बेतते.

विषाणू

विषाणू म्हणजे व्हायरस. तो जिवाणूपेक्षा कितीतरी लहान. तो अन्न घेत नाही, एकटा वाढतही नाही. आपल्या पेशीत शिरतो आणि तिच्याकडूनच आपल्यासारखे असंख्य विषाणू तयार करून घेतो. ते बाहेर पडून शेजारच्या पेशींत शिरतात. सर्दी, फ्लू, गोवर, कांजिण्या, डेंग्यू, पोलिओ, कोरोना हे विषाणूचे आजार.

मलेरिया या दोन्हींत बसत नाही. तो परजीवीमुळे होतो आणि त्याचे औषध वेगळे असते. म्हणून ताप आल्यावर डॉक्टर रक्त तपासायला सांगतात.

औषध वेगळे का?

अँटिबायोटिक जिवाणूची भिंत मोडते किंवा त्याचे आतले काम बंद पाडते. विषाणूला अशी भिंतच नसते, त्यामुळे त्याच्यावर ते चालत नाही.

१८९६ साली मुंबईत आलेला प्लेग जिवाणूचा होता. तेव्हा अँटिबायोटिक नव्हते. पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. आज तोच प्लेग वेळेवर अँटिबायोटिक दिले तर बरा होऊ शकतो. १९१८ साली मुंबईत आलेला फ्लू मात्र विषाणूचा. फ्लूच्या विषाणूवर आजचे अँटिबायोटिकही चालत नाही. फ्लूनंतर फुप्फुसात जिवाणूंचा न्यूमोनिया झाला तर ते लागते, पण ते डॉक्टरांनी तपासून ठरवायचे असते.

गरज नसताना अँटिबायोटिक घेतले तर पैसे जातात, जुलाब किंवा पुरळ येऊ शकते. शिवाय जिवाणू त्या औषधाला दाद देईनासे होतात. मग खरी गरज पडते तेव्हा तीच गोळी निकामी ठरते.

लस मात्र दोन्हींवर असते. घटसर्प, धनुर्वात जिवाणूचे. पोलिओ, गोवर विषाणूचे. चौघांवरची लस सरकारी केंद्रात मुलांना मोफत मिळते.

आपण काय करायचे?

- डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय अँटिबायोटिक घेऊ नये. शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्या तर नाहीच.
- खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त राहिला तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्यावी. क्षयाची तपासणी आणि औषध तिथे मोफत आहे. बरे वाटले तरी औषध मध्येच सोडू नये.
- जुलाब झाले तर लगेच ओआरएस पाजावे.
- डेंग्यूची शंका असेल तर अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन घेऊ नये. रक्तस्राव वाढू शकतो. तापाला पॅरासिटामॉल डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणातच घ्यावे.
- दम लागणे, सतत उलटी, पोटात जोरात दुखणे, रक्त पडणे, लघवी कमी होणे, मूल सुस्त पडणे यांपैकी काहीही दिसले तर घरी थांबू नये.
- नळाचे पाणी गढूळ किंवा वासाचे येत असेल तर उकळून प्यावे आणि गल्लीतल्या सर्वांनी मिळून लेखी तक्रार द्यावी. गटाराच्या पाण्यातून टायफॉइडचा जिवाणूही येतो आणि काविळीचा विषाणूही.

दवाखान्यात गेल्यावर एक प्रश्न न लाजता विचारू या: "डॉक्टर, हा आजार जिवाणूचा की विषाणूचा, आणि ही गोळी कशासाठी?"