आधी तोलावे, मग वाचावे

ताम्रपट, शिलालेख आणि नाणी ही इतिहासाची अव्वल साधने होत, असे आमचे सर नेहमी सांगतात. परीक्षेपुरते पाठ केलेल्या या वाक्याचा खरा अर्थ मला गेल्या दिवाळीच्या सुट्टीनंतर उमगला.

तालुक्याच्या जत्रेत जुन्या वस्तूंच्या दुकानात एक पांढरे नाणे दिसले. "रोमचं आहे, अस्सल चांदी," दुकानदार म्हणाला. शिष्यवृत्तीतून पुस्तकांसाठी ठेवलेले तीनशे रुपये मी त्याला दिले. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. वडील बाजार समितीत मापाडी आहेत. नाणे त्यांच्या हातावर ठेवले, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "तोललंस का?" मला उत्तर देता आले नाही.

पुढे ग्रंथालयात बसून मी नाणे ओळखण्याचा क्रम शिकलो. पहिला प्रश्न, नाणे ग्रीक की रोमन? ग्रीक नाण्यावर बहुधा देवता किंवा नगराचे चिन्ह असते. अथेन्सच्या नाण्यावर एका बाजूस अथीना देवी, तर दुसऱ्या बाजूस घुबड. अलेक्झांडरच्या चांदीच्या नाण्यावर सिंहाचे कातडे ल्यालेला हेराक्लीस आणि मागे आसनावर झ्यूस. लेख ग्रीक लिपीत व राजाचे नाव षष्ठीत, म्हणजे 'अलेक्झांडरचे'. रोमन सम्राटांच्या नाण्यावर बहुधा सम्राटाचाच चेहरा आणि भोवती लॅटिन लेख असतो. त्यात शब्द तोडून लिहितात आणि 'यू'च्या जागी 'व्ही' कोरतात.

माझ्या नाण्यावरील लेख असा लागला : 'टिबेरियस सीझर ऑगस्टस, दिव्य ऑगस्टसचा पुत्र'. मागे राजदंड व डहाळी घेऊन बसलेली स्त्री आणि 'मुख्य धर्माधिकारी' ही पदवी. म्हणजे इ. स. १४ ते ३७ या काळात राज्य करणाऱ्या टिबेरियसचा देनारियस! व्यापारातून दक्षिण भारतात आलेल्या रोमन नाण्यांत हा प्रकार पुष्कळ सापडतो. माझा आनंद गगनात मावेना.

मग वडिलांचा प्रश्न आठवला. असे नाणे सुमारे ३.८ ग्रॅम भरते, माझे ३.६५ भरले. झिजेमुळे एवढा फरक पडू शकतो. परंतु भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते पाण्यात बुडवून तोलले, तेव्हा वजनात ०.५० ग्रॅमची घट आली. भागाकार केला, घनता ७.३. चांदीची १०.५ असते, ७.३ ही कथिलाची! भिंगातून पाहिले, तर कडेभोवती साच्याची बारीक रेघ, पृष्ठभागावर हवेच्या बुडबुड्यांचे खड्डे आणि अक्षरांच्या कडा बोथट. खरे नाणे ठशावर ठोकून पाडलेले असते. माझे साच्यात ओतलेले होते. लेख खरा, नाणे खोटे!

यातून शिकलो ते असे : आधी वजन, मग धातू, मग कड आणि शेवटी लेख. लेखाची नक्कल सर्वांत सोपी असते. शिवाय शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते व ते विकण्याच्या व्यवसायास परवाना लागतो. तो मी दुकानदाराकडे मागितलाही नव्हता.

ते नाणे आता 'नक्कल' अशी चिठ्ठी लावून इतिहास विभागाच्या कपाटात ठेवले आहे. कोणीही हाताळून पाहावे.

प्रवेश अर्जात वडिलांच्या व्यवसायापुढे 'मापाडी' लिहिताना मी पहिल्या वर्षी संकोचलो होतो. पुढच्या वर्षीच्या अर्जात तो शब्द ठळक अक्षरांत लिहीन.

— द्वितीय वर्ष, कला