मूत्रपिंडाची सोनोग्राफी : जाण्यापूर्वीची तयारी

मूतखड्याची कळ, लघवीची जळजळ, लघवीतून रक्त किंवा वाढलेले प्रोस्टेट अशा तक्रारींत डॉक्टर चिठ्ठीवर ‘सोनोग्राफी के.यू.बी.’ असे लिहून देतात. के म्हणजे किडनी, यू म्हणजे युरेटर आणि बी म्हणजे ब्लॅडर. मराठीत सांगायचे तर मूत्रपिंडे, मूत्रनलिका आणि मूत्राशय. या तपासणीत सुई नाही, वेदना नाही, क्ष-किरणही नाहीत. पण तयारी हवी. पासबुक विसरलेला माणूस काउंटरवरून परत फिरतो, तसा लघवी करून आलेला रुग्ण केंद्राच्या बाकावर ताटकळत बसतो. रोजंदारीवर पोट असणाऱ्याचा तेवढ्यात दिवस बुडतो.

लघवी का साठवायची? आपल्या कानाला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. पोट तपासताना वापरलेल्या ध्वनिलहरींची कंपने सेकंदाला साधारण २० ते ५० लाख असतात. या लहरी हवेतून नीट जात नाहीत, पाण्यातून सहज जातात. भरलेले मूत्राशय वायूने फुगलेली आतडी बाजूला सारते आणि त्याची भिंत, आतला खडा, मागचे प्रोस्टेट स्पष्ट दिसू लागते. कातडीवर चिकट जेल लावतात तेही मधली हवा घालवण्यासाठीच.

तयारी अशी करावी :

१) वेळ घेतानाच उपाशीपोटी यायचे का, हे केंद्रात विचारावे. संपूर्ण पोटाची तपासणी असल्यास बहुधा उपाशी बोलावतात. मधुमेहींनी आपला आजार सांगून सकाळची पहिली वेळ मागावी.

२) तपासणीच्या तासभर आधी चार-पाच ग्लास, म्हणजे सुमारे एक लिटर, साधे पाणी पिऊन संपवावे. त्यानंतर लघवीला जाऊ नये.

३) अतिरेकही नको. मूत्राशय फार ताणले गेले, तर मूत्रपिंडात नसलेली सूज दिसू शकते. लघवी आवरेनाशी झाली तर न लाजता तेथील सेवकास सांगावे.

४) मूत्रपिंड निकामी झालेल्या, डायलिसिसवरील किंवा हृदयरोगामुळे पाणी मोजून पिणाऱ्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जास्त पाणी पिऊ नये. लघवीची नळी असल्यास तेही आधी कळवावे.

५) सैल कपडे घालावेत. जुने अहवाल व डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर घ्यावी. नेहमीची औषधे मनाने बंद करू नयेत.

तपासणी झाल्यावर पुष्कळदा लघवी करून पुन्हा आत बोलावतात. मूत्राशय पूर्ण रिकामे होते की लघवी मागे उरते, हे त्यातून कळते. प्रोस्टेटच्या रुग्णांसाठी हे माप महत्त्वाचे. म्हणून पहिली फेरी झाली की घरी निघून जाऊ नये.

अहवाल चांगला आला तरी तो डॉक्टरांना दाखवावाच. मूत्रनलिकेतील लहान खडा सोनोग्राफीत कधी कधी निसटतो. कळ थांबत नसेल, थंडी वाजून ताप आला असेल किंवा लघवी बंद झाली असेल, तर कागदावर विसंबून न राहता ताबडतोब रुग्णालय गाठावे. घरातील वडीलधाऱ्यांना या गोष्टी आदल्या दिवशीच समजावून सांगाव्यात.