यकृदर्बुद : संप्राप्ती व धोक्याची लक्षणे

उजव्या कुशीत जडपणा, अरुची, किंचित पिवळेपणा अशा रुग्णास आरोग्यवर्धिनी व कुटकी देऊन महिनोन्महिने वाट पाहण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. यकृदर्बुदात ही प्रतीक्षाच जिवावर बेतते, म्हणून त्याच्या संप्राप्तीचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

'ब' व 'क' विषाणूंची कावीळ, दीर्घकाळचे मद्यपान, स्थौल्य व प्रमेहासह येणारी यकृतातील मेदोवृद्धी, यांपैकी कोणत्याही हेतूने यकृतपेशी वर्षानुवर्षे नष्ट होतात व पुन्हा निर्माण होतात. मध्ये तंतू साचून यकृत कठीण व गाठाळ बनते. या अखंड पुनर्निर्मितीत जनुकांतील दोष साठत जातात आणि त्यातून अर्बुद उद्भवते. 'ब' विषाणू मात्र पेशीच्या जनुकद्रव्यातच शिरतो. त्यामुळे यकृत कठीण झालेले नसतानाही अर्बुद होऊ शकते. तैवानने १९८४ मध्ये नवजात बालकांना या विषाणूची लस देण्यास प्रारंभ केला आणि पुढे मुलांमधील यकृदर्बुदाचे प्रमाण घटले. निदानपरिवर्जनाचे याहून बोलके उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हा दुसरा हेतू. १९७४ साली राजस्थान व गुजरातच्या आदिवासी भागात बुरशीयुक्त मका खाऊन शंभरावर माणसे दगावली. ती तीव्र विषबाधा होती. अल्प मात्रेत दीर्घकाळ पोटात गेलेले हेच विष अर्बुदास कारण होते, 'ब' विषाणू असलेल्यांत तर विशेषच. अर्धवट वाळलेली मुळे पोत्यांत भरून ठेवणाऱ्या औषधनिर्मात्यांनी हे ध्यानी घ्यावे. बुरशी झटकली म्हणून विष जात नाही.

प्रारंभी हा व्याधी बहुधा मूकच असतो. पुढे वजन झपाट्याने घटते, उजव्या कुशीतील वेदना खांद्यापर्यंत जाते, कठीण गाठ हातास लागते. स्थिर असलेला यकृद्दाल्युदराचा रुग्ण अकारण ढासळला, औषधाने आटोक्यात असलेले जलोदर पुन्हा वेगाने भरले, तर अर्बुदाची शंका प्रथम घ्यावी. मल तिळाच्या पिठासारखा होऊन कामला वाढल्यास पित्तमार्गाचा अवरोध समजावा. अकस्मात तीव्र पोटदुखी व मूर्च्छा आल्यास गाठ फुटून रक्तस्राव झाला असण्याचा संभव असतो. तेथे क्षणही दवडू नये.

यकृत कठीण झालेल्या प्रत्येक रुग्णाची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी व रक्तातील अल्फा फीटोप्रोटीनची तपासणी करवावी. केवळ रक्ततपासणीवर विसंबू नये, कारण अनेक रुग्णांत ती प्राकृत येते. गाठ लहान असतानाच सापडली, तर शस्त्रकर्माने ती काढता येते किंवा यकृतप्रत्यारोपण शक्य होते.