हायड्रोजनची गाडी : आधी वैरणीचा हिशेब



आता पाण्यावर गाडी चालणार, अशी चर्चा चहाच्या टपरीवर ऐकू येते. ती अर्धीच खरी. गाडी चालते हायड्रोजनवर. पाणी बाहेर पडते ते मागच्या नळीतून. टाकीतला हायड्रोजन आणि हवेतला प्राणवायू यांचा इंधन-घटात संयोग होतो, त्यातून वीज निघते आणि त्या विजेवर मोटार फिरते. धूर नाही, नुसती वाफ.

अशी बस आपल्याकडेच झाली आहे. केपीआयटी कंपनी आणि सीएसआयआरच्या शास्त्रज्ञांनी केलेली बस २१ ऑगस्ट २०२२ रोजी पुण्यात दाखवण्यात आली. बत्तीस आसनांची बस ३० किलो हायड्रोजनवर ६०० किलोमीटर जाईल, असे कर्त्यांनी सांगितले. म्हणजे किलोला वीस किलोमीटर!

पण छावणीच्या बाजारात बैलजोडी घेताना आपण दात मोजून थांबत नाही, वैरणीचाही विचार करतो. तसाच इथे करू. हायड्रोजन काही खाणीतून काढून आणत नाहीत, तो तयार करावा लागतो. आज जगात बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायू आणि कोळशापासून निघतो. अलिबागजवळच्या थळच्या कारखान्यात युरियासाठी तो नैसर्गिक वायूपासूनच काढतात. त्यात कार्बन वायू हवेत सुटतोच. स्वच्छ हायड्रोजन हवा तर सौर किंवा पवन विजेने पाणी फोडावे लागते.

मराठवाड्यात पहिला प्रश्न पाण्याचा निघणार. किलोला ९ लिटर पाणी, शुद्धीकरणात वाया जाणारे धरून आणखी थोडे. उसाच्या पाण्यापुढे हे काहीच नाही हो! खरी वैरण म्हणजे वीज. किलोला सुमारे ५० ते ५५ युनिट लागतात आणि गाडीत परत मिळतात जेमतेम सोळा-सतरा. शिवाय बसच्या टाकीत वायू हवेच्या साडेतीनशे पट दाबाने कोंबावा लागतो, त्यालाही वीज. तीच वीज बॅटरीत भरली तर बरीचशी चाकापर्यंत पोचते. म्हणून मोटारसायकल किंवा छोट्या मोटारीसाठी हायड्रोजनचा खटाटोप आम्हाला पटत नाही. लांबचा, जड माल असेल आणि बॅटरीचे वजन व भरण्याचा वेळ परवडत नसेल, तिथे तो शोभेल.

बगॅसवरच्या सहवीज प्रकल्पातून हायड्रोजन करा, असे कोणी सुचवील. युनिटला ५ रुपये दर धरला, तर किलोमागे अडीचशे रुपयांची वीज विकायची राहिली. यंत्राचा खर्च वेगळा, आणि गाळप संपले की यंत्र बसून.

दुसरी वाट पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने केपीआयटीबरोबर दाखवली : पिकांचे अवशेष जंतूंकडून कुजवून मिथेन आणि त्यापासून हायड्रोजन. प्रेसमडपासूनही मिथेन निघतोच. मात्र तो शुद्ध करून दाबाखाली भरला की आजच्या सीएनजी गाडीत चालतो. त्याचा हायड्रोजन करण्याची घाई कशाला?

टाटा मोटर्सने मार्च २०२५ मध्ये हायड्रोजनच्या १६ मालट्रकांची चाचणी सुरू केली. मुदत दोन वर्षांपर्यंतची, आणि मार्गांत मुंबई-पुण्याचा परिसरही आहे. भरल्या मालाला किलोमीटरमागे काय खर्च आला, ते आकडे जाहीर झाले की आपल्या ऊस वाहतुकीच्या दराशेजारी मांडून याच पानावर देऊ.