जुने वाहन घेताना : परदेशी गाडीची कसोटी आपल्या ट्रॅक्टरलाही लावा

शेतमाल बाजारात नेणे, ऊस कारखान्यावर पोचविणे, खते-बियाणे आणणे या कामांसाठी ट्रॅक्टर-ट्रॉली किंवा पिकअप ही आता बागायतदारांची रोजची गरज झाली आहे. नव्या वाहनाची किंमत झेपत नाही म्हणून पुष्कळ शेतकरी बंधू जुने वाहन पसंत करतात. त्यात गैर काही नाही. परंतु नवा रंग, नवे सीटकव्हर आणि मीटरवरचा आकडा पाहून सौदा केला, तर खरी किंमत पुढे कळते. भरलेली ट्रॉली घेऊन दिवेघाट उतरताना ब्रेकने दगा दिला, तर वाचविलेल्या पैशाला काही अर्थ राहत नाही.

जुन्या वाहनाची पारख कशी करावी, याचा एक चांगला नमुना आपल्याच कायद्यात आहे. तो म्हणजे परदेशातून आणल्या जाणाऱ्या वापरलेल्या वाहनांसाठी घातलेल्या अटी.

परदेशी जुन्या गाडीसाठी अटी कोणत्या?

एप्रिल २००१ मध्ये आयातीवरील संख्येचे निर्बंध उठले, तेव्हा जुन्या वाहनांचा लोंढा येऊ नये म्हणून केंद्र सरकारने आयात धोरणात काही अटी घातल्या. वाहन तयार झाल्यापासून तीन वर्षांपेक्षा जुने नसावे. स्टेअरिंग उजव्या बाजूस असावे. वेगाचा काटा किलोमीटरमध्ये असावा. पुढच्या दिव्यांचा झोत डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीस योग्य असावा.

दिव्यांची अट किरकोळ वाटेल, पण तिला कारण आहे. आपण डिपर देतो तेव्हा झोत डावीकडे, रस्त्याच्या कडेला पडावा लागतो. जिथे वाहने उजवीकडून चालतात त्या देशातील गाडीचा झोत उजवीकडे झुकलेला असतो. तो आपल्याकडे समोरून येणाऱ्याच्या थेट डोळ्यांवर पडतो.

याशिवाय जहाजावर चढविण्यापूर्वी परदेशात एक तपासणी आणि येथील बंदरात उतरल्यावर, सीमाशुल्क खात्याने सोडण्यापूर्वी, दुसरी तपासणी अशी दुहेरी अट आहे. आयात केवळ मुंबई बंदरातून करावी असे ठरविले गेले. दुसऱ्या तपासणीसाठी नेमलेल्या संस्थांपैकी दोन आपल्या जवळच्या आहेत. पुण्यात वेताळ टेकडीवर असलेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (एआरएआय) ही एक आणि अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथील संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास संस्था ही दुसरी. तिसरी संस्था मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्था होय. शेवटची अट अशी, की वाहन आयातीपासून किमान पाच वर्षे रस्त्यावर चालण्यायोग्य असावे आणि त्या काळात देशात दुरुस्तीची सोय मिळेल अशी हमी द्यावी.

कोणी ‘परदेशी माल, स्वस्तात’ म्हणून जुना ट्रॅक्टर दाखवू लागला, तर सीमाशुल्क भरल्याचे कागद आणि तपासणीचा दाखला आधी मागावा. आयात केलेल्या वाहनाची नोंदणी सीमाशुल्काच्या दाखल्याशिवाय होत नाही. नोंदणी नसलेले वाहन रस्त्यावर आणता येत नाही.

या सर्व अटींचा मथितार्थ तीन प्रश्नांत सांगता येतो. वाहनाचे वय किती? आज ते सुरक्षित आहे काय? पुढील पाच वर्षे ते सांभाळता येईल काय? हेच तीन प्रश्न देशी जुन्या वाहनालाही विचारावेत.

पहिला प्रश्न : वय

वय आरसी बुकावरून पाहावे, विकणाऱ्याच्या सांगण्यावरून नव्हे. उत्पादनाचा महिना व वर्ष आणि नोंदणीची तारीख या दोन्ही नोंदी वाचाव्यात. शेतीच्या ट्रॅक्टरची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर वाहन तपासून ती पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. म्हणजे १३ वर्षांचा ट्रॅक्टर घेतला, तर दोन वर्षांत तपासणीचा व दुरुस्तीचा खर्च तुमच्या माथी येणार, हे किंमत ठरविताना हिशेबात धरावे.

माल वाहणाऱ्या पिकअपचा नियम वेगळा आहे. नव्या गाडीचे पासिंग दोन वर्षे चालते. २०१८ मधील दुरुस्तीनुसार आठ वर्षांपर्यंतच्या गाडीस दर दोन वर्षांनी आणि त्यापुढे दरवर्षी पासिंग करावे लागते.

दुसरा प्रश्न : सुरक्षितता

वाहन नेहमी दिवसाउजेडी पाहावे. आपल्या विश्वासातील मिस्त्री बरोबर न्यावा. इंजिन थंड असताना स्वतः सुरू करावे. आधीच गरम करून ठेवलेले इंजिन आपले दुखणे लपविते. पुढील गोष्टी क्रमाने तपासाव्यात.

१. चासी नंबर व इंजिन नंबर आरसी बुकाशी अक्षरन् अक्षर जुळवावेत. नंबरावर घासल्याच्या किंवा नव्याने ठोकल्याच्या खुणा असल्यास सौदा तेथेच थांबवावा.

२. ट्रॅक्टरचे दोन्ही ब्रेक पेडल जोडणारी पट्टी जागेवर आहे काय, ते पाहावे. शेतात वळण घेताना ब्रेक वेगवेगळे वापरतात, पण रस्त्यावर ते जोडलेलेच हवेत. एकाच चाकाला ब्रेक लागला, तर वेगातील ट्रॅक्टर एका बाजूला खेचला जाऊन उलटू शकतो.

३. स्टेअरिंग थोडे फिरवून चाके लगेच वळतात का, ते पाहावे. पुढची चाके हाताने हलवून बेअरिंग व सांध्यांतील ढिलाई तपासावी.

४. पिकअपच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी उरलेली नसावी. चासीला वेल्डिंगचे जोड आणि गंज आहे काय, ते खाली वाकून पाहावे.

५. हेडलाइट, ब्रेकलाइट, इंडिकेटर व हॉर्न चालू करून पाहावेत. पीटीओवरील झाकण असल्याची खात्री करावी.

६. ट्रॉलीची वेगळी तपासणी करावी. हुकाची पिन, ड्रॉबार, साखळी आणि मागील लाल रिफ्लेक्टर यांकडे लक्ष द्यावे. गळीत हंगामात अंधारात उभ्या किंवा संथ चाललेल्या ट्रॉलीवर मागून वाहने आदळतात, त्यात रिफ्लेक्टर नसणे हे मोठे कारण असते.

तिसरा प्रश्न : पुढील पाच वर्षे

त्या मॉडेलचे सुटे भाग आपल्या तालुक्यात मिळतात काय, ते दुकानात जाऊन विचारावे. कंपनीने मॉडेल बंद केले असेल, तर स्वस्त ट्रॅक्टर ऐन पेरणीत आठवडाभर उभा राहतो. किमतीशिवाय टायर, बॅटरी, क्लच व ब्रेक यांसाठी काही रक्कम बाजूला ठेवूनच सौद्यास बसावे.

कागदपत्रे आणि नावावर करणे

इसार देण्यापूर्वी आरसीवर बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा आहे काय, हे पाहावे. बोजा असल्यास कर्ज फिटल्याचा दाखला व फॉर्म ३५ घ्यावा. मालकी बदलासाठी फॉर्म २९ व ३० लागतात. पुण्याची एमएच १२ ची गाडी बारामतीकडे, म्हणजे एमएच ४२ च्या हद्दीत नेऊन नावावर करायची असेल, तर फॉर्म २८ वर पुणे आरटीओचा ना हरकत दाखलाही लागतो. राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवावे, असे मोटार वाहन कायदा, १९८८ सांगतो. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा.

ही सूचना विकणाऱ्यासही तितकीच महत्त्वाची आहे. आरसीवर ज्याचे नाव, तोच अपघाताच्या भरपाईस जबाबदार मालक, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये दिला. को­ऱ्या फॉर्मवर सह्या करून गाडी सोडून देणे म्हणजे दुसऱ्याच्या अपघाताचा बोजा आपल्या सातबाऱ्यावर घेणे होय.

एक गोष्ट शेवटी सांगणे जरूर आहे. ट्रॅक्टरवर आसन एकच, ते चालकाचे. मडगार्डवर किंवा ट्रॉलीत मजूर बसवू नयेत. अपघात झाल्यास विमा कंपनी त्यांची भरपाई नाकारू शकते आणि गेलेला जीव तर कोणत्याच भरपाईने परत येत नाही. तरी शेतकरी बंधूंनी सौद्यापूर्वी एक दिवस तपासणीस द्यावा आणि तिन्ही प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावरच इसाराची रक्कम हातावर ठेवावी.