जुन्या गाडीची वायरिंग : आधी दोष शोधा, मग पार्ट घ्या

कापडाचा व्यापारी थान उघडून, उजेडात धरून पाहिल्याशिवाय पैसे मोजत नाही. तोच व्यापारी गॅरेजमध्ये मात्र "बॅटरी गेली" म्हटले की बॅटरी घेतो, "सेल्फ गेला" म्हटले की सेल्फ भरून घेतो. आम्हीही त्यातलेच होतो.

२००३ सालच्या लगीनसराईत आमची ॲम्बेसेडर अमरावतीहून अकोल्याला निघाली. डिकीत आणि मागच्या सीटवर साड्यांच्या गाठी. मूर्तिजापूरला चहासाठी थांबलो आणि गाडी पुन्हा चालू होईना. चावी फिरवली की नुसते 'टक्'. लोकांनी धक्का मारला, कसेबसे अकोला गाठले. पुढच्या पंधरा दिवसांत एका गॅरेजने नवी बॅटरी बसवली, मग सेल्फही भरून दिला. गाडी दोन दिवस बरी चालायची, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

शेवटी अकोल्यातल्या एका वयस्क वायरिंगवाल्या उस्तादांकडे गेलो. त्यांनी बॉनेट उघडले, पोराला सेल्फ मारायला सांगितले आणि आम्हाला म्हणाले, "सेठ, अब ज़रा चोक की तार को हाथ लगाओ." तार चटका बसेल इतकी तापली होती.

कारण असे. बॅटरीतून निघालेला करंट काम करून परत बॅटरीत यावा लागतो. परतीची वाट म्हणजे गाडीचे लोखंड, ज्याला आपण अर्थिंग म्हणतो. परंतु इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेले असते आणि रबरातून करंट जात नाही. म्हणून इंजिन व बॉडी यांना जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी असते. आमची पट्टी तुटत तुटत दोन-चार धाग्यांवर आली होती. सेल्फ शंभराहून जास्त अँपिअर ओढतो. त्याला वाट मिळाली नाही, तेव्हा त्याने चोकच्या तारेतून वाट काढली. ती तार जाऊन भिडते कार्बोरेटरला, म्हणजे थेट पेट्रोलपाशी. मागे साड्या भरलेल्या असताना आम्ही पंधरा दिवस असे फिरलो, हे आठवले की आजही अंगावर काटा येतो.

नवी पट्टी बॅटरीच्या किमतीपुढे काहीच नव्हती. (२०२२ च्या जून महिन्यात ह्याच अमरावती-अकोला मार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला. आमच्या वेळच्या खड्ड्यांत पट्टी तुटली यात नवल नाही.)

ॲम्बेसेडर २०१४ साली बंद झाली, मारुती ओम्नी २०१९ साली. पण दुकानाच्या कामाला ह्या गाड्या अजून अनेकांकडे आहेत. अशांनी एक डिजिटल मीटर आणि एक टेस्ट बल्ब जवळ ठेवावा. इंडिकेटरचा १२ व्होल्टचा बल्ब, होल्डर आणि दोन तारा, झाला टेस्ट बल्ब.

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी मीटर बॅटरीला लावा. १२.६ च्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली आहे. इंजिन चालू करून १३.८ ते १४.४ दिसले तर चार्जिंग ठीक. इथेच अर्धे संशय मिटतात. मग अर्थिंग पाहा. कॉइलची बारीक तार काढून ठेवा, म्हणजे इंजिन चालू होणार नाही. मीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटाला, दुसरे इंजिनच्या स्वच्छ लोखंडाला लावा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आकडा शून्याजवळ राहिला पाहिजे. एक व्होल्ट किंवा जास्त दिसला तर अर्थिंग खराब आहे असे खुशाल समजावे. नट खोलून पॉलिश पेपरने रंग व गंज घासावा, घट्ट आवळावे, वरून थोडे ग्रीस लावावे.

ब्रेक दाबला की मागचा इंडिकेटर मिणमिणतो, हाही बहुधा मागच्या दिव्याच्या अर्थिंगचाच दोष. बल्ब बदलून उपयोग नाही.

रात्रीत बॅटरी उतरत असेल तर सर्व बंद करून, दारे लावून निगेटिव्ह तार काढावी आणि खुंट व तार यांच्या मधे टेस्ट बल्ब जोडावा. घड्याळ किंवा टेपमुळे बारीक उजेड चालेल. बल्ब ठळक पेटला तर करंट कुठेतरी चोरीला जात आहे. एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला बल्ब विझतो, चोर त्या लाइनीत. सगळे फ्यूज काढूनही पेटला तर अल्टरनेटरची जाड तार सोडून पाहा, आतला डायोड गेलेला असू शकतो. बल्ब जोडलेला असताना सेल्फ मात्र मारू नये.

फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्याला सिगारेटच्या पाकिटाची चांदी गुंडाळणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत. फ्यूज उडतो तो तार वाचवण्यासाठी. चांदी उडत नाही, मग तार जळते. तोच प्रकार हेडलाइटचा. ५५-६० वॅटच्या जागी १०० वॅटचे बल्ब लावले की दोन बल्ब मिळून सोळा-सतरा अँपिअर ओढतात. जुनी तार आणि डॅशबोर्डचा स्विच तेवढ्यासाठी बनलेले नसतात. अगोदर आहेत त्याच बल्बांना रिले लावून बॅटरीहून जाड, फ्यूजवाली तार द्यावी. बहुतेक वेळा उजेड तेवढ्यानेच वाढतो.

आपल्या वऱ्हाडच्या मे महिन्यात बॉनेटखाली काय होते ते वेगळे सांगायला नको. तारांचे वेष्टन कडक होऊन तडकते, काळ्या टेपचा गोंद वितळून टेप सुटते. सबब जोड नुसता पिळून टेप मारू देऊ नये. झाळून वरून स्लीव्ह चढवून घ्यावी. गाडी गोदामात उभी करणाऱ्यांनी उंदरांचीही खबर ठेवावी. कापड कुरतडणारा उंदीर वायरही कुरतडतो.

काम सुरू करण्यापूर्वी निगेटिव्ह तार सोडावी, हातातली अंगठी व घड्याळ काढून ठेवावे. बॅटरीजवळ बिडी पेटवू नये. आणि मिस्त्रीने पार्ट बदलायला सांगितला तर जुन्या पार्टवर मीटर लावून आकडा दाखवायला सांगावे. आमचे उस्ताद न सांगता दाखवत असत.